इंग्रजी उतारा उकलायचा कसा: तीन वाक्यं आणि पेटीभर संज्ञा

'कवीने येथे अनुप्रास अलंकाराचा सुंदर वापर केला आहे, त्यामुळे कवितेला वेगळेच सौंदर्य प्राप्त झाले आहे.' हे वाक्य मी उत्तरपत्रिकांमध्ये इतक्या वेळा वाचलं आहे की कधीकधी झोपेतही लाल पेन उचलतो. ते कुठल्याही कवितेखाली चिकटवा, चालतं. गुण मात्र त्याला मिळत नाहीत, कारण जे सगळीकडे चालतं ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही.

बारावीला 'अप्रीसिएशन', म्हणजे कवितेचं रसग्रहण, लिहिणारे, बी.ए.ला शैलीविज्ञानाचा पेपर घेतलेले, इंग्लंडात जीसीएसई ही शालेय परीक्षा देणाऱ्या मुलांचे मराठी आईबाप, अशा सगळ्यांची अडचण साधारण एकच असते. संज्ञा पाठ असतात, पण त्या हातात धरून करायचं काय ते कळत नाही. सुताराच्या पेटीतल्या पटाशीचं नाव सांगता आलं म्हणजे चौकट होत नाही. मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याकडे तर निम्मी पेटी आधीपासूनच असते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. त्यामुळे नाम, सर्वनाम, विशेषण हे गडी इंग्रजीत गेल्यावरही ओळखीचेच निघतात. काही मात्र ओळखीचे वाटून दगा देतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

उदाहरणाला एकच उतारा घेऊ आणि त्यालाच पिळू. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्री संविधान सभेत जवाहरलाल नेहरूंनी केलेल्या भाषणाची सुरुवातीची तीन वाक्यं:

'लाँग यिअर्स अगो वी मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी, अँड नाऊ द टाइम कम्स व्हेन वी शॅल रिडीम अवर प्लेज, नॉट होली ऑर इन फुल मेझर, बट व्हेरी सबस्टॅन्शली. ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम. अ मोमेंट कम्स, विच कम्स बट रेअरली इन हिस्टरी, व्हेन वी स्टेप आउट फ्रॉम दि ओल्ड टू द न्यू, व्हेन ॲन एज एन्ड्स, अँड व्हेन द सोल ऑफ अ नेशन, लाँग सप्रेस्ड, फाइन्ड्स अटरन्स.'

पहिली पायरी: पेन्सिल खाली ठेवा

पहिल्या वाचनात एकही संज्ञा शोधू नका. कोण बोलतंय, कुणाशी, कधी, आणि मजकूर कानासाठी आहे की डोळ्यांसाठी, एवढंच समासात लिहा. इथे उत्तरं सोपी आहेत. बोलणारा काही तासांत पंतप्रधान होणार आहे, समोर संविधान सभा आहे, रात्र आहे, मजकूर बोलण्यासाठी रचलेला आहे. म्हणजे माध्यम बोली, पण रजिस्टर, म्हणजे प्रसंगाला साजेशी भाषेची पातळी, अत्यंत औपचारिक. ही एक नोंद पुढे बरंच काम करते. भाषणातल्या पुनरुक्तीचं कारण वेगळं असतं आणि सरकारी परिपत्रकातल्या पुनरुक्तीचं वेगळं. श्रोत्याला पान उलटून मागे जाता येत नाही.

दुसरी पायरी: वाक्य मोडा

आता क्रियापद शोधा. काळ दाखवणारं, कर्त्याशी जुळणारं, ज्याला इंग्रजीत फायनाइट व्हर्ब म्हणतात ते. प्रत्येकाखाली रेघ मारा. मग प्रधान वाक्य कुठलं आणि गौण वाक्यं कुठली ते ठरवा. शाळेत केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्यं शिकलात तेच इथे सिंपल, कॉम्प्लेक्स आणि कम्पाउंड म्हणून भेटतात.

तिसरं वाक्य बघा. एवढं मोठं वाक्य, पण त्याचं प्रधान वाक्य तीन शब्दांचं आहे: 'अ मोमेंट कम्स'. बाकी सगळं त्या क्षणाला लटकलेलं. एक 'विच'चं गौण वाक्य, मग 'व्हेन'ची तीन. 'लाँग सप्रेस्ड' हे क्रियापदासारखं दिसतं, पण ते धातुसाधित विशेषण आहे. 'सोल'चं क्रियापद 'फाइन्ड्स', आणि मध्ये घुसलेल्या दोन शब्दांमुळे ते लांबणीवर पडतं. आत्म्याला वाचा फुटायला उशीर झाला हे वाक्याची रचनाच करून दाखवते. असं काही सापडलं की समासात मोठी फुली मारा. उत्तरात हेच जायचं असतं.

आता दुसरं वाक्य. त्याची सुरुवात 'कधी'ने होते. ठोक्याला, जग झोपलेलं असताना, आणि मग कुठे भारत येतो. इंग्रजीत याला फ्रंटेड ॲडव्हर्बियल म्हणतात. इंग्लंडमध्ये २०१४च्या अभ्यासक्रमापासून चौथ्या वर्गातली आठ-नऊ वर्षांची पोरं ही संज्ञा शिकतात आणि घरी येऊन आईबापांना घाम फोडतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. वाक्याच्या तोंडाशी आणून बसवलेला क्रियाविशेषणाचा तुकडा, बस्स.

मराठी वाचकाची खरी अडचण वेगळीच आहे. 'रात्री बाराच्या ठोक्याला, जग झोपलेलं असताना, भारत जागा होईल' हे आपल्या कानाला अगदी साधं वाक्य आहे. आपलं क्रियापद शेवटीच येतं, कधी-कुठे-कसं हे आधी सांगून मोकळं व्हायची आपली सवयच आहे. त्यामुळे इंग्रजी लेखकाने मुद्दाम केलेली ही उचल आपल्या लक्षातच येत नाही. इंग्रजीचा नेहमीचा क्रम कर्ता, क्रियापद, मग बाकीचं. म्हणून एक युक्ती: वाक्य इंग्रजीच्या सरधोपट क्रमात पुन्हा लिहून बघा. 'इंडिया विल अवेक ॲट मिडनाइट' असं आधीच सांगून टाकलं तर ताण संपला. मूळ वाक्यात मुख्य गोष्ट शेवटापर्यंत राखून ठेवली आहे. अशा वाक्याला पिरिऑडिक सेंटेन्स म्हणतात. संज्ञा आठवली नाही तरी चालेल, क्रम बदलून काय हरवलं ते सांगता आलं पाहिजे.

तिसरी पायरी: क्रियापदाची उलटतपासणी

क्रियापदाला तीन प्रश्न विचारा: काळ कोणता, खात्री किती, आणि करणारा कोण.

काळ. पहिल्याच वाक्यात 'मेड' भूतकाळ, 'कम्स' वर्तमान, 'शॅल रिडीम' भविष्य. तिन्ही काळ एकाच वाक्यात बसवले आहेत आणि मध्ये 'नाऊ' आहे. मध्यरात्रीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने हेच करावं.

खात्री. कॅन, मे, मस्ट, शॅल, विल ही मोडल, म्हणजे शक्यता, सक्ती, खात्री दाखवणारी सहायक क्रियापदं. एकच मोडल दोन कामं करतं हे लक्षात ठेवा. 'यू मस्ट गो'मध्ये सक्ती आहे, 'ही मस्ट बी ॲट होम'मध्ये अंदाज. आता इथे 'वी शॅल' आणि 'इंडिया विल' असा फरक दिसतो. हुशार विद्यार्थी लगेच लिहितो की 'शॅल'मध्ये निर्धार आहे. थांबा. जुन्या शिस्तीच्या इंग्रजीत आय आणि वी यांच्यापुढे साधा भविष्यकाळ 'शॅल'नेच होत असे. नेहरूंच्या पिढीने तोच नियम गिरवला होता. त्यामुळे या एका शब्दावर इमला उभारू नका. दिसलेली प्रत्येक गोष्ट अर्थपूर्णच असते असं नाही, काही नुसती त्या काळची रीत असते.

करणारा. इथे आपला पहिला दगाबाज गडी येतो: कर्मणी प्रयोग. 'राजूने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: आंबा खाल्ला, चिंच खाल्ली. पण त्याचं इंग्रजी 'राजू एट अ मँगो', म्हणजे चक्क ॲक्टिव्ह व्हॉइस. इंग्रजी पॅसिव्हला जवळचा आहे तो 'राजूकडून आंबा खाल्ला गेला' हा, ज्याला आपली पुस्तकं नवीन कर्मणी म्हणतात. म्हणून 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' हे समीकरण आजच खोडून टाका. आपल्याकडे प्रयोग ठरतो क्रियापद कुणाशी जुळतं त्यावर. इंग्रजीत व्हॉइस ठरतो कर्ता पुढे उभा आहे की मागे सरकला आहे त्यावर.

मागे सरकलेला कर्ता कधीकधी पारच गायब होतो. 'शॉट्स वेअर फायर्ड' म्हणजे गोळ्या झाडल्या गेल्या. कोणी? बातमी गप्प. याला एजंटलेस पॅसिव्ह म्हणतात. बातम्या, माफीनामे, कंपन्यांची निवेदनं वाचताना यासारखं उपयोगी हत्यार नाही. 'मिस्टेक्स वेअर मेड' असं दिसलं की विचारायचं, कोणी केल्या?

आपल्या उताऱ्यात 'लाँग सप्रेस्ड'ला हाच प्रश्न विचारा. राष्ट्राचा आत्मा दीर्घकाळ दडपला गेला. कोणी दडपला? नाव नाही. ज्यांच्याकडून त्या रात्री सत्ता हाती येत होती त्यांचा या तीन वाक्यांत उल्लेखच नाही. यातून सौजन्य वाचायचं, राजकारण वाचायचं, की कहाणी आपली आहे तिच्यात त्यांना कर्त्याची जागा कशाला द्यायची असा ताठा वाचायचा, हे तुम्ही ठरवा. मला शेवटचं पटतं, कारण तीन वाक्यांतले कर्ते बघा: आम्ही, वेळ, जग, भारत, क्षण, युग, आत्मा. परक्याला जागाच नाही.

चौथी पायरी: शब्दांची वजनं

डिनोटेशन आणि कनोटेशन या जोडीला विद्यार्थी फार घाबरतात. आपल्याकडे अभिधा, लक्षणा, व्यंजना (शब्दाचा सरळ, लाक्षणिक आणि सूचित अर्थ) अशी तिहेरी मांडणी आधीपासून आहे. डिनोटेशन म्हणजे साधारण अभिधेचा प्रांत, आणि शब्दाभोवती जे दरवळतं ते कनोटेशन.

'ट्रिस्ट' घ्या. मराठीत या भाषणाची ओळख 'नियतीशी करार' अशी आहे. पण ट्रिस्ट म्हणजे करार नव्हे. ठरवून, बहुधा गुपचूप घेतलेली भेट, त्यातही प्रेमिकांची. आपल्या जुन्या काव्यात अभिसारिका निघायची ती संकेतस्थळी. बिचारं संकेतस्थळ आता वेबसाइटच्या नोकरीला लागलं आहे, नाहीतर 'नियतीशी संकेत' हे भाषांतर वाईट नव्हतं. तर, एक प्रणयाचा शब्द आणि लगेच त्यामागे कोणते शब्द येतात बघा: रिडीम, प्लेज, फुल मेझर, सबस्टॅन्शली. प्लेज म्हणजे वचन, पण गहाणसुद्धा. रिडीम म्हणजे वचन पाळणं, तसंच गहाण सोडवणं. फुल मेझर म्हणजे पुरेपूर माप. एकाच व्यवहारातले असे शब्द जवळजवळ आले की त्याला लेक्सिकल फील्ड म्हणतात, मराठीत शब्दक्षेत्र म्हणू. इथलं क्षेत्र कायद्याचं आणि देण्याघेण्याचं आहे. म्हणजे भाषांतरकाराचा 'करार' अगदीच आकाशातून पडलेला नाही, तो पुढच्या शब्दांतून मागे झिरपला आहे.

'नॉट होली ऑर इन फुल मेझर, बट व्हेरी सबस्टॅन्शली', म्हणजे सगळं नाही, पुरेपूर मापातही नाही, पण बऱ्याच अंशी, हा तुकडा मला सबंध भाषणात सर्वांत जास्त खुपतो आणि म्हणून आवडतो. एवढ्या गंभीर, उंच स्वरातल्या वाक्याच्या शेवटी वकिलाने घालावी तशी अट. बोलण्याची धार अशी मुद्दाम कमी करण्याला हेजिंग म्हणतात. त्या रात्री देशाची फाळणी होत होती. पुरेपूर माप पदरात पडलं नव्हतं, आणि ते न सांगता पुढे जाणं खोटं ठरलं असतं. व्याकरण आणि इतिहास इथे एकमेकांना भेटतात. उत्तरात अशी जागा सापडली तर बाकी दहा संज्ञा सोडून द्या.

याच्याच शेजारची संज्ञा लिटोटीस: नकार वापरून होकार देणं, 'नॉट बॅड'. आपल्याला शिकवायची गरज नाही. जेवण उत्तम झालं तरी 'वाईट नव्हतं' म्हणणारे काका घरोघरी असतात.

शब्द कुठल्या घराण्यातला आहे तेही बघायला शिका. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. त्यामुळे एकाच अर्थाला घरचा शब्द वेगळा आणि दरबारी शब्द वेगळा: किंगली घरचा, रॉयल फ्रेंचमधून, रीगल लॅटिनमधून. पाणी, जल आणि उदक यांतला फरक ज्याला कळतो त्याला हे समजायला वेळ लागू नये. ४ जून १९४० रोजी ब्रिटिश संसदेत चर्चिल म्हणाले, 'वी शॅल फाइट', आम्ही किनाऱ्यांवर लढू, शेतांत लढू, रस्त्यांवर लढू, टेकड्यांवर लढू. फाइट, फील्ड्स, स्ट्रीट्स, हिल्स हे सगळे इंग्रजीत फार जुन्या काळापासून रुळलेले शब्द. ही माळ संपते ती 'सरेंडर' या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाने, आणि त्याच्या आधी 'नेव्हर' आहे. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. परिणाम मात्र कानाला ऐकू येतो.

पाचवी पायरी: अलंकार, आणि त्यातले खोटे जुळे

उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली. इथवर रस्ता सपाट आहे. आपली उत्प्रेक्षा, 'जणू'वाली, इंग्रजीत वेगळी नांदत नाही. 'ॲज इफ' आलं की तिला बहुधा सिमिलीतच घालतात. रूपकाचं विश्लेषण करताना टेनर आणि व्हेइकल हे शब्द भेटतील. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी ते १९३६ साली रूढ केले. आपण शाळेत उपमेय आणि उपमान म्हणून त्यांना कधीच भेटलो आहोत.

यमक आणि राइम मात्र नीट वेगळे ठेवा. अलंकारशास्त्रातलं यमक म्हणजे तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा येणं. राइममध्ये फक्त शेवटचे ध्वनी जुळतात. अनुप्रासाचंही तसंच. इंग्रजी ॲलिटरेशन शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन बघतं. मधल्या-शेवटच्या व्यंजनांसाठी कॉन्सोनन्स आणि स्वरांसाठी ॲसोनन्स अशा वेगळ्या संज्ञा आहेत. आणि अक्षर बघू नका, ध्वनी ऐका. 'सिटी' आणि 'कॅट' इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण त्यात ॲलिटरेशन नाही. देवनागरीत लिहिलं की ही चूक होतच नाही.

आयरनी म्हणजे उपरोध असं कोशात मिळेल. ते फक्त बोलण्यातल्या, व्हर्बल आयरनीपुरतं खरं आहे. नाटकात प्रेक्षकांना माहीत आहे की दाराआड कोण लपलंय आणि पात्राला नाही, ही ड्रॅमॅटिक आयरनी. तिथे उपरोध कुणी केलेलाच नसतो.

ॲनाफोरा या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि परीक्षेत घोटाळा होतो. वक्तृत्वशास्त्रात ओळीच्या किंवा वाक्यांशाच्या आरंभी तोच शब्द पुन्हा येणं, म्हणजे आपल्या उताऱ्यातलं व्हेन, व्हेन, व्हेन. भाषाविज्ञानात मात्र मागच्या नामाकडे बोट दाखवणारं सर्वनाम. कुठल्या अर्थाने वापरता ते वाक्यात स्पष्ट होऊ द्या. पुनरुक्ती शेवटी आली तर एपिस्ट्रफी. लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या भाषणात 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' म्हणत 'पीपल' शब्द तीनदा शेवटी आणला तो असा. तीनांची रचना दिसली की ट्रायकोलन म्हणता येतं. नेहरूंच्या तीन 'व्हेन'मध्ये आकारही बघा. पहिला आम्ही पाऊल टाकतो, दुसरा अगदी आखूड, युग संपतं, तिसरा सर्वांत लांब. मधल्या आखूड तुकड्यावर युग खरोखरच तुटतं.

आणि 'व्हेन द वर्ल्ड स्लीप्स'? दिल्लीत मध्यरात्र होती तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळ आणि न्यूयॉर्कमध्ये दुपार होती. जग टक्क जागं होतं. ही चूक म्हणून टोचायचं, की झोप-जाग या विरोधासाठी घेतलेली मोकळीक म्हणायचं? विरोध, म्हणजे अँटिथिसिस, हवा होता. म्हणून जगाला झोपवलं. भारत माणसासारखा जागा होतो ही चेतनगुणोक्ती त्या झोपेशिवाय उभीच राहिली नसती.

सहावी पायरी: कान

इथे आपली वर्णमाला बक्षीस आहे. स्पर्श व्यंजनं म्हणजे, अनुनासिकं आणि च-वर्ग सोडला तर, प्लोझिव्ह. श, ष, स यांच्या जातीचे ध्वनी सिबिलंट. 'सोल ऑफ अ नेशन, लाँग सप्रेस्ड' मोठ्याने म्हणा, स आणि श घासत जातात. पण 'स ध्वनीमुळे सापाची भीती निर्माण होते' असलं काही लिहू नका. ध्वनीला स्वतःचा अर्थ नसतो, तो शेजारच्या अर्थाला टेकू देतो.

वृत्तासाठी एकच पथ्य. लघु-गुरू हे काळाचं माप आहे, इंग्रजी मीटर आघाताचं. 'रेकॉर्ड' नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. आघाताला तात्पुरतं ग म्हणा, तर आयँब हा ल-ग आणि ॲनापेस्ट हा ल-ल-ग, म्हणजे आपला स गण. 'ॲट द स्ट्रोक, ऑफ द मिड' असं म्हणून बघा. गद्य आहे, तरी दोन स गण ओळीने पडले. ओळीच्या मधला थांबा म्हणजे सिझूरा, आपली यती.

सातवी पायरी: लिहिणं

एका परिच्छेदात दोन संज्ञा पुरे. उतारा तोडून तीन-चार शब्द उचला, संज्ञा जाता जाता विशेषणासारखी वापरा, आणि वाक्याचं वजन परिणामावर ठेवा. 'येथे पॅसिव्ह व्हॉइस आहे' ही नोंद झाली. विश्लेषण असं दिसतं:

'राष्ट्राच्या आत्म्याला लावलेलं लाँग सप्रेस्ड हे कर्तृहीन विशेषण दडपशाही मान्य करतं, पण दडपणाऱ्याचं नाव घेत नाही. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ते बसल्याने फाइन्ड्स हा शब्द लांबतो आणि वाचा फुटण्याआधीची वाट श्रोत्यालाही पाहावी लागते.'

दोनच वाक्यं आहेत, आणि ती दुसऱ्या कुठल्याही उताऱ्याखाली चिकटवता येत नाहीत. तुमच्या परिच्छेदाला हीच चाचणी लावा. उताऱ्याचं नाव झाकून वर्गमित्राला वाचायला द्या. कशाबद्दल लिहिलंय ते त्याला ओळखता आलं नाही तर परत दुसऱ्या पायरीवर जा.

सरावाला चर्चिल यांचं तेच किनाऱ्यांचं वाक्य घ्या. 'शॅल'बद्दल काय म्हणायचं नाही ते आता माहीत आहे. किनाऱ्यापासून टेकड्यांपर्यंतच्या जागा नकाशावर मांडून बघा आणि लढाई कुठल्या दिशेला सरकते आहे ते आधी शोधा.